लोखंड बाहेर ठेवा

दारावर निळ्या ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'लोखंड बाहेर ठेवून आत या.' शुभ-लाभ नाही, घरमालकाचं नाव नाही, नुसता हुकूम. मेहकरहून एस.टी.नं येऊन, माझी पत्र्याची ट्रंक एका गड्याच्या डोक्यावर देऊन, मी त्या दारात उभी राहिले तेव्हा मला वाटलं, हे लोहाराचं घर असावं.

आतून एक उंच, वाळका म्हातारा आला. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, ट्रंकेकडे पाहिलं.

"शाळेच्या नव्या बाई ना? या. ट्रंक गोठ्यात ठेवा."

"गोठ्यात? माझे कपडे आहेत त्यात."

"कपडे आत आना. ट्रंक गोठ्यात."

मी बावीस वर्षांची होते, अकोल्याची होते आणि नोकरी मिळाल्याच्या तोऱ्यात होते. तिथल्या तिथं परत फिरणार होते, पण पेनगंगेकाठच्या त्या गावात बाईमाणसाला भाड्यानं खोली देणारं दुसरं घर नव्हतं. म्हणून पुढची दोन वर्षं माझ्या साड्या गाठोड्यात राहिल्या आणि ट्रंक म्हशीशेजारी. पहिल्याच संध्याकाळी म्हाताऱ्यानं माझ्या अंबाड्याकडे बोट दाखवून विचारलं, "अन् ते आकडे कशाचे हायेत?" मी आकडे काढून दाराबाहेरच्या देवळीत ठेवले आणि सुटे केस घेऊन जेवायला बसले. त्यांची थोरली विधवा बहीण, तिला सारा गाव जिजी म्हणे, मला वाढता वाढता म्हणाली, "सवय होते, बाई. मले इतकी वर्सं झाली, अजून नाही झाली."

हे गृहस्थ सरकारी मोजणीदार होते. साखळी आणि होकायंत्र घेऊन अर्धा जिल्हा पायी मोजून ते निवृत्त झाले होते. त्यांचं नाव मी सांगत नाही. नाव जमिनीच्या कागदावर शोभतं, तोंडात नाही, असं ते स्वतःच म्हणत. गाव त्यांना मोजणीदार म्हणे आणि पाठीमागं सुईवाला.

सुई म्हणजे होकायंत्राची. घराच्या मधल्या खणात एक मोठी शहाबादी फरशी होती आणि तिच्यावर छिन्नीनं कोरलेली एक सरळ रेघ. ध्रुवतारा धरून, ओळंबा लावून, त्यांनी ती महिनाभर खपून पाडली होती. रोज सकाळी आंघोळ झाली की ते पितळी डबी त्या रेघेवर ठेवत, गुडघ्यावर बसत आणि सुई थांबेपर्यंत श्वास रोखत. मग वहीत दोनच शब्द लिहीत, 'आज ठीक', आणि हाक मारत, "जिजी, ठीक हाये, चहा टाक." सुई ठीक असल्याशिवाय त्या घरात चहा होत नसे. मला शाळेची घाई असली तरी नाही. घरातले विळे, पहारी, अडकित्ता, सगळं गोठ्यात. न्हावी त्यांची दाढी बाहेर लिंबाखाली करायचा. सरपंच एकदा लोखंडी टोकाची काठी घेऊन आत आले, तर यांनी काठी हिसकून अंगणात भिरकावली. सरपंच चार महिने बोलत नव्हते. मोजणीदारांना त्याचं काही नव्हतं. "काठी सरळ होती, मानूस वाकडा निंघाला," एवढंच म्हणाले.

हे सगळं कशासाठी, ते मी महिनाभरानं विचारलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कुठल्याशा विद्यापीठाची माणसं लोणारच्या बाजूला दगड तपासायला आली होती. मोजणीदारांना त्यांच्यासोबत वाट दाखवायला धाडलं होतं. त्या लोकांनी त्यांना सांगितलं की आपल्या पायाखालचा हा काळा दगड कधीकाळी तापलेला रस होता. तो निवत असताना त्या वेळची उत्तर त्यानं आपल्यात धरून ठेवली. आणि दगडातली ती उत्तर आजच्या दक्षिणेला आहे.

"म्हंजे उत्तर पलटली होती, बाई. ध्रुवाचा लोहचुंबक पुरा उलटा. एकदा पलटली, ते पुन्हा बी पलटन. मी नोकरीले लागलो तवाच्या नकाशावरली सुई अन् आजची सुई एक नाही. थोडी सरकली. सरकून राह्यली."

"आणि एकदम फिरली तर?"

"मंग भूकंप, पूर, वारा, सारंच येईन."

"मग आपण काय करायचं?"

त्यांनी माझ्याकडे, मी वर्गातल्या ढ पोराकडे पाहीन तसं पाहिलं. "फिरली तं फिरू दे. आपन निंघू. हा दगड फुटला का तवा? उलटी उत्तर पोटात घेऊन बसलाच ना जागेवर? मानसानं त्याच्यापेक्षा कमी राहू नये."

शास्त्राच्या बाजूनं त्यांची निम्मी गोष्ट चूक होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ध्रुव पलटायला हजारो वर्षं लागतात आणि त्यानं पेनगंगेला पूर येत नाही. तेव्हा मला हे माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी त्यांना सांगायची माझी छाती झाली नसती. पण इतर लोक अशा भीतीनं देवाला नवस बोलतात, तसा हा माणूस बोलला नाही. तो कामाला लागला, आणि त्यासाठी मी त्यांना सगळं माफ करते, ट्रंकेसकट.

गावामागं एक उजाड, खडकाळ चढ होता. त्याला बरड म्हणत. तिथं कुसळ उगवायचं नाही. मोजणीदारांनी एकट्यानं, टिकाव घेऊन, त्या बरडीवर पायवाट खोदली. म्हाताऱ्यांना चढता यावं म्हणून दर दहा पावलांवर बसायला एक दगड ठेवला. घराघरांत जाऊन दाराशी एक पिशवी टांगायला लावली : गूळ, फुटाणे, काडेपेटी, दोर, एक जुनं धोतर. तिला ते 'निघायची पिशवी' म्हणत. बायका त्यातला गूळ पाहुणे आले की काढायच्या. हे पुन्हा तपासायला जायचे आणि ओरडायचे, "पाहुन्यानं गूळ खाल्ला, आता पूर आला की पाहुन्याले खा!" नदीच्या घाटावर पायऱ्यांना त्यांनी चुन्याचे पट्टे मारले होते, पाणी किती चढलं ते दुरून दिसावं म्हणून. आणि रुळाचा एक तुकडा कुठूनसा आणून शाळेच्या लिंबाला टांगला. तो आपल्या दारात टांगता आला नाही, कारण लोखंड. शाळेचा टोलही त्याच्यावरच वाजायचा. तीन ठोके म्हणजे शाळा. न थांबता वाजला म्हणजे निघायचं.

त्यांची वाक्यं गावात चालायची, चेष्टेनं का होईना. "पृथ्वी बी सरकारच हाये, नोटीस देते, फक्त पोस्टानं देत नाही." "उत्तर बदलली तरी भाकर तव्यावरच भाजा लागते."

अष्टग्रहीचं वर्ष आलं. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, अशी आवई सगळ्या मुलखात उठली होती. आमच्याही गावात होमाची वर्गणी निघाली. घराघरांतून तूप गोळा होऊ लागलं. मला वाटलं, मोजणीदारांना आता साथीदार मिळाले, त्यांना आनंद होईल. कसला आनंद! मंडळी दारात आली तर हे कंबरेवर हात ठेवून उभे.

"तूप नाही देनार."

"काऊन हो मोजनीदार? तुमीच तं म्हन्ता, जग बुडनार."

"मी म्हन्तो निंघा. तुमी म्हन्ता बसा अन् तूप जाळा. हे एक नाही. ते तूप पोराईले चारा, पळाले ताकद येईन."

होमाच्या दिवशी सारा गाव मांडवात बसला होता आणि मांडवातून बरडीवर टिकावाचा आवाज ऐकू येत होता. जग बुडलं नाही. दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, होमानं वाचलो. मोजणीदार म्हणाले, "वाट सात हात अजून झाली."

आणि मग त्याच वर्षी खंडेनवमीचा दिवस उजाडला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे घरातलं सगळं लोखंड धुऊन पुजतात. नांगराचा फाळ, वखराची पास, विळे, कुऱ्हाडी. या घरात ती पूजा गोठ्यात, शेणात व्हायची आणि जिजीच्या मनाला ते वर्षानुवर्षं टोचत होतं. मोजणीदार सण पाळत नसत, तिथी त्यांच्या ध्यानातही नसे. फरशीच्या बाजूलाच जुनं धान्याचं पेव होतं, जमिनीतलं, वर दगडी झाकण. त्या वर्षी नवमी आदल्या दुपारीच लागली होती. जिजीनं तेव्हाच, भाऊ घाटावर चुना मारायला गेलेला असताना, सगळं लोखंड त्या पेवात उतरवलं, पुजलं, झेंडूची फुलं वाहिली आणि झाकण लावून टाकलं. घरची लक्ष्मी एक रात्र तरी घरात राहावी, एवढंच तिचं मागणं.

सकाळी मोजणीदारांनी डबी रेघेवर ठेवली. सुई थरथरली आणि रेघ सोडून चांगली तिरपी जाऊन थांबली.

तो चेहरा मी विसरणार नाही. भीती नव्हती त्यावर. वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गाडी फलाटाला लागावी तसा तो चेहरा होता. डबी खिशात टाकून ते शाळेकडे धावले. "बाई, चला!" म्हणाले आणि मी काही न विचारता धावले. टोल त्यांनीच वाजवला. न थांबता.

अष्टग्रहीची धास्ती अजून लोकांच्या पोटात होती, त्यामुळे गाव खरंच निघालं. पोरं, कोंबड्या, अर्धी दाढी झालेला एक गृहस्थ, सगळे बरडीवर. शाळेची सगळी मुलं दोन-दोनच्या रांगेत मी वर नेली. आम्ही बसलो. ऊन चढलं. जमीन हलली नाही, नदी हलली नाही, सूर्य रोजच्या वाटेनंच वर सरकला. दुपारपर्यंत पिशव्यांतला गूळ संपला. मग कुणीतरी हसलं आणि ते हसणं बरडीभर पसरलं. खाली उतरताना लोक पोट धरून हसत होते.

मोजणीदार एका दगडावर चढले. "हासा," ते ओरडले. "चांगलं हासा! जिता मानूसच हासते!"

घरी आल्यावर त्यांनी फरशीभोवती रांगत एकेक कोपरा तपासला. शेवटी पेवाचं झाकण उचललं. जिजी भिंतीला टेकून उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. आत हळदकुंकू ल्यालेले फाळ आणि विळे. मला वाटलं, आता हा माणूस बहिणीला घराबाहेर काढतो. ते वाकले आणि एका फाळावरचं फूल उचलून पाहू लागले. मग झाकण लावून चावडीवर गेले आणि चारचौघांत म्हणाले, "चूक माही. घरात लोखंड राह्यलं, मले दिसलं नाही." बहिणीचं नाव त्यांनी घेतलं नाही. घरी येऊन तिला एवढंच म्हणाले, "फुलं ताजी व्हती." पण दोन दिवस त्यांनी चहा घेतला नाही.

माझं मात्र निभावलं नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या कानावर गेलं. मला लेखी ताकीद मिळाली : अफवेवरून पुन्हा शाळा सोडली तर नोकरीवरून कमी करण्यात येईल. तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवला. वडील वारले होते, घरी आई आणि धाकट्या दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. मोजणीदारांचा मला राग आला होता आणि मी तो त्यांना दाखवलाही. ते म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. रागवा. पन वाट ध्यानात ठेवा."

पुढच्या वर्षीचा भादवा. आमच्याकडे पाऊस थांबून चार दिवस झालेले. लख्ख ऊन पडलं होतं. प्रार्थना संपून मी हजेरी घेत होते तर मोजणीदार घाटाकडून लंगडत, धापा टाकत आले. अंगरखा छातीपर्यंत ओला.

"बाई, टोल वाजवा."

मी हजेरीपट मिटला नाही. "सुई फिरली का?"

"नाही. सुई जागेवर हाये. सकाळी चहा नाही का पेलो आपन?"

"मग?"

"नदी फिरली. वर बुलढान्याकडं पानी फुटलं असन. मी उभा व्हतो तेवढ्यात चुन्याचे दोन पट्टे बुडाले. अन् बाई..." त्यांनी अंगरख्याची ओली बाही तोंडावरून फिरवली. "एक दाराची चौकट वाह्यत आली. चौकटीले तोरन तसंच व्हतं."

मी बाहेर पाहिलं. ऊन. लिंबाखाली शेळ्या रवंथ करत होत्या. खणातला कागद मला न उघडताच दिसत होता. यांचं ऐकायचं तर नोकरी जाणार. न ऐकायचं तर, समोर चाळीस मुलं बसली होती आणि त्यातली निम्मी नदीकाठच्या खालच्या आळीतली.

"लोक हसतील हो पुन्हा," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता, त्याची लाज मला आज वाटत नाही.

"हासतील. हासाले जिते तं राह्यतील!"

मी उठले. हातोडी मीच घेतली आणि टोल मीच वाजवला. हात सोलेपर्यंत वाजवला. आणि अगदी मी म्हणाले होते तसंच झालं, लोक दारादारांत येऊन हसू लागले. "आज कोनाची खंडेनवमी हाये वो बाई?" कुणीतरी ओरडलं. कोणी पाऊल उचलेना. मोजणीदार घसा फोडून सांगत होते आणि ते जितकं ओरडत तितकं हसू वाढत होतं.

तेवढ्यात जिजी आली. खांद्यावर पिशवी, एका हातात म्हशीचा कासरा. आळीच्या मधोमध उभी राहिली.

"खंडेनवमी माही व्हती!" ती म्हणाली. "पेवात लोखंड म्या ठेवलं व्हतं. ह्यानं माहं पाप आपल्या डोक्यावर घेतलं अन् सालभर तुमचं हासनं आयकलं. आज सुई हालली नाही, तरी मी चाल्ली. ज्याले हासाचं हाये त्यानं वरून हासा!"

आणि ती म्हैस ओढत बरडीच्या वाटेला लागली. तिच्यामागं एक बाई निघाली, मग दुसरी. बायका निघाल्यावर पुरुषांना दारात उभं राहणं अवघड झालं. मी मुलांची रांग केली. गंमत अशी की कुणाला काही सांगावं लागलं नाही. कुठून चढायचं, म्हाताऱ्यांना कुठं बसवायचं, सगळं गेल्या वर्षी हसत हसत पाठ झालेलं होतं. शेवटचा माणूस वर पोचला आणि खालच्या आळीत पाणी शिरलं. भिंती बसताना धूळ उडते, पाण्यातसुद्धा उडते, ते मी तेव्हा पाहिलं. कोणी हसलं नाही. मोजणीदार माणसं मोजत होते. दोनदा मोजली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "भरले. सारे भरले," आणि खाली बसून लहान पोरासारखे रडले.

खालची आळी गेली, मोजणीदारांचं घर गेलं, गोठा गेला, माझी ट्रंक गेली. म्हैस वाचली. माझ्या नोकरीचं म्हणाल तर ते साहेब पुढच्या आठवड्यात आले, चिखलात उभे राहिले आणि ताकीद परत मागून घेऊन गेले.

पाणी उतरल्यावर आम्ही घराच्या जागी गेलो. रेघेची फरशी सापडली, पण पाण्यानं उचलून तिला आडवी फिरवून टाकली होती. मला फार वाईट वाटलं. मोजणीदारांनी खिशातून डबी काढली, फरशीकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं. "फरशी फिरली," ते म्हणाले. "उत्तर हाये तिथंच हाये. जिजी, ठीक हाये, चहा टाक." चूल नव्हती, घर नव्हतं. जिजीनं तीन दगड मांडून चहा टाकला.

बरडीवर राहायला जा, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं. ते गेले नाहीत. "नदीले भेऊन घर सोडनारा मी नाही. वेळेवर निंघनारा हाये," म्हणाले आणि जुन्या जागीच भिंती उभारल्या. दारावर पुन्हा निळ्या रंगात तेच लिहिलं. पुढं माझी बदली झाली. काही वर्षांनी साध्या तापानं ते गेले, पावसाळ्याच्या दिवसांत नाही, पुरात नाही, सुई ठीक असताना.

त्यानंतरच्या खंडेनवमीला मी मुद्दाम त्या गावाला गेले. दारात पोचल्यावर माझे हात आपोआप अंबाड्याकडे गेले आणि मी आकडे काढून देवळीत ठेवले. आत कुणीच नव्हतं. एवढ्यात टोल वाजू लागला, न थांबता. बाहेर आले तर सारा गाव हसत, बोलत बरडीकडे निघालेला. प्रत्येकाच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात विळा, कुऱ्हाड, फाळ. जिजीनं हे चालू केलं होतं. लोखंडाची पूजा आता घरात नाही, गोठ्यात नाही, बरडीवर. नव्यानं नांदायला आलेल्या सुनांनासुद्धा वाट पाठ व्हावी म्हणून.

वर सगळ्या गावाच्या लोखंडाचा ढीग मांडला. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला. मग जिजीनं कनवटीची पितळी डबी काढली आणि झाकण उघडून त्या ढिगाच्या अगदी मधोमध ठेवली. बिचारी सुई! गरगरली, अडखळली आणि भलतीकडेच तोंड करून थांबली. जिजी वाकून पाहत होती. तिचं तोंड हसण्यानं भरून आलं होतं आणि डोळे पाण्यानं.

"फिरली वो!" ती सगळ्या बरडीला ऐकू जाईल असं ओरडली.

आणि सारा गाव एका आवाजात ओरडला, मीही ओरडले :

"फिरू दे!"